छोट्या विमानाच्या खिडक्या बदलताना: कापणं, घासणं आणि सैल बसवणं

छोट्या विमानाची नवीन खिडकी तडकते तेव्हा दोष बहुतेक वेळा प्लास्टिकला दिला जातो. पण तडा कुठून सुरू झाला ते बघितलं, तर तो जवळपास नेहमी कडेपासून किंवा भोकापासून निघालेला असतो. म्हणजे कापताना राहिलेली एखादी कपची, नीट न घासलेली कड, नाहीतर गरजेपेक्षा जास्त आवळलेला स्क्रू. खिडकी घट्ट बसली म्हणजे चांगली बसली, हा समज घरातल्या लाकडी चौकटीपुरता ठीक आहे. विमानात खिडकी धरून ठेवलेली हवी, पण आवळलेली नको. पुढचं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं.

आपण सवयीने ‘काच’ म्हणतो, पण ती असते अ‍ॅक्रिलिकची. प्लेक्सिग्लास, पर्स्पेक्स ही त्याच पदार्थाची बाजारातली नावं. अ‍ॅक्रिलिक पारदर्शक आणि हलकं असतं, उन्हात पॉलिकार्बोनेटपेक्षा चांगलं टिकतं आणि त्यावरचे ओरखडे पॉलिश करून काढता येतात. पण उष्णतेने ते भरपूर प्रसरण पावतं. दर अंश सेल्सियसला एका मीटरमागे साधारण ०.०७ मिमी. अ‍ॅल्युमिनियम तेवढ्याच फरकाला ०.०२३ मिमी वाढतं. म्हणजे चौकटीच्या तिप्पट.

६०० मिमी लांबीची बाजूची खिडकी धरा. विमान उन्हात उभं असताना ती सहज ५५ अंशांपर्यंत तापते आणि थंड दिवशी दहा हजार फुटांवर उणे ५ पर्यंत उतरते. या ६० अंशांच्या फरकात अ‍ॅक्रिलिक सुमारे २.५ मिमी हलतं, तर अ‍ॅल्युमिनियम ०.८ मिमी. उरलेले पावणेदोन मिमी कुठेतरी सामावले पाहिजेत. जागा ठेवली नसेल तर ते ताण होऊन पत्र्यातच, म्हणजे अ‍ॅक्रिलिकच्या शीटमध्येच, अडकतात आणि सगळ्यात कमजोर जागी, म्हणजे कडेच्या एखाद्या खाचेत, बाहेर पडतात.

आधी कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या, म्हणजे एफएएच्या, नियमावलीत भाग ४३ च्या परिशिष्ट ए मध्ये प्रतिबंधात्मक देखभालीची यादी आहे. बाजूच्या खिडक्या बदलण्याचं काम त्या यादीत येतं. अट एवढीच, की त्या कामाचा विमानाच्या ढाच्याशी किंवा नियंत्रणं, विद्युत जोडणी अशा कुठल्याही चालत्या यंत्रणेशी संबंध येता कामा नये. परवानाधारक वैमानिक स्वतःच्या विमानावर हे काम करून नोंदवहीत सही करू शकतो. पुढची मोठी काच, म्हणजे विंडशील्ड, या यादीत नाही. तिला प्रमाणित मेकॅनिक लागतो. युरोपातही मालक-वैमानिकाला बाजूच्या खिडक्यांची मुभा आहे, पण रिव्हेट मारणं, चिकटवणं किंवा दुसरी कुठली खास प्रक्रिया लागली की ती मुभा संपते. तुमचं विमान जिथे नोंदलेलं आहे तिथला नियम आधी वाचा. काम मेकॅनिकच्या देखरेखीखाली करायचं असेल, तर त्याला सुरुवातीपासून सोबत घ्या. सगळं बंद झाल्यावर त्याला बोलावलं तर कड कशी घासली आहे हे तो बघणार कसा?

केबिनमध्ये हवेचा दाब ठेवणाऱ्या विमानांच्या खिडक्या हा वेगळाच विषय आहे. त्या ढाच्याचा भाग असतात आणि दाब पेलतात. या लेखातलं काहीही त्यांना लावू नका.

खिडकी मागवताना मॉडेल, वर्ष आणि अनुक्रमांक तिन्ही द्या. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या खिडक्या दिसायला सारख्या आणि मापाला वेगळ्या असू शकतात. जाडी मूळ होती तेवढीच घ्या. बाजूच्या खिडक्या बहुधा १/८ इंचाच्या, म्हणजे सुमारे ३ मिमीच्या असतात. जास्त जाडीची किंवा गडद रंगाची हवी असेल तर त्या बदलाला वेगळी मंजुरी लागते का ते आधी विचारा. जाड पत्रा जुन्या खोबणीत जातच नाही, हेही अनेकांच्या पार्सल उघडल्यावर लक्षात येतं.

जागा, तापमान आणि हत्यारं

थंडीत अ‍ॅक्रिलिक ठिसूळ होतं. काम करायची जागा आणि पत्रा दोन्ही २० अंशांच्या वर असू द्या, २५ च्या आसपास असतील तर उत्तम. पार्सल आदल्या दिवशीच आत आणून ठेवा, म्हणजे पत्र्याचं तापमान खोलीइतकं होईल. याचा दुसरा फायदा असा, की मधल्या तापमानाला माप घेतलं तर पुढे खिडकीला वाढायलाही जागा राहते आणि आकसायलाही.

टेबलावर जुनी गोधडी किंवा फोम अंथरा आणि आधी झटकून घ्या. खालचा एक धातूचा कीस पुरेसा ओरखडा काढतो. गोलाई असलेल्या खिडकीला पोटाखाली आधार लागतो. सपाट टेबलावर तिची टोकं लोंबकळत ठेवून करवत चालवली तर ती थरथरते, आणि थरथर म्हणजे कपच्या.

नवीन खिडकीवर संरक्षक फिल्म किंवा सोलून काढायचा लॅटेक्सचा थर असतो. काम संपेपर्यंत तो राहू द्या, फक्त कडेने दोन इंच सोला. पण खिडक्या आणून वर्षभर माळ्यावर ठेवू नका, आणि फिल्मसकट उन्हात तर मुळीच नको. जुना झालेला थर असा चिकटतो की निघता निघत नाही.

हत्यारांत बारीक दातांचं पातं असलेला बँडसॉ किंवा जिगसॉ, पट्ट्याचा किंवा चकतीचा सँडर, सपाट आणि अर्धगोल कानस, ८० पासून ४०० पर्यंतचे पॉलिश पेपर, मास्किंग टेप, बारीक टोकाचा मार्कर, जाड पुठ्ठा आणि प्लास्टिकसाठी धार लावलेले ड्रिल बिट एवढं लागतं. हवेच्या दाबावर चालणारं छोटं कट-ऑफ चाक असेल तर ते फार कामाचं. घरी विमान बांधणारे लोक मोठ्या कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरची पारदर्शक झाकणं, त्यानेच कापतात, कारण चाकाला दात नसल्यामुळे ते पत्र्यात अडकून त्याला उचकत नाही. डोळ्यांवर गॉगल हवाच. अ‍ॅक्रिलिकच्या कपच्या पारदर्शक असतात, डोळ्यात गेल्यावर दिसतही नाहीत.

जुनी खिडकी काढणं

जुनी खिडकी शक्यतो अखंड काढा, कारण तुमचं पहिलं माप तीच आहे. आतली सजावटीची पट्टी आधी काढावी लागते. ती जुन्या प्लास्टिकची असेल तर खिडकीपेक्षाही लवकर तुटते, तेव्हा प्रत्येक स्क्रू मोकळा झाला आहे याची खात्री केल्याशिवाय ओढू नका. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा. कुठली पट्टी कुठल्या पट्टीवर चढते, फेल्ट (कडेला लावलेली मऊ नमद्याची पट्टी) कुठल्या बाजूला आहे, लांब स्क्रू कुठले आणि आखूड कुठले, हे जोडताना हमखास आठवत नाही.

खिडकीची कड धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, म्हणजे धरपट्ट्या, रिव्हेटने बसवलेल्या असतील तर फक्त डोकं ड्रिल करा. बिट रिव्हेटच्या दांड्याएवढा किंवा किंचित लहान घ्या, डोकं सुटलं की पंचाने उरलेला दांडा ठोका आणि ठोकताना मागून लाकडी ठोकळ्याचा आधार द्या. भोक मोठं झालं तर पुढच्या मापाचा रिव्हेट लागतो आणि पट्टीच्या कडेपासूनचं अंतर अपुरं पडू शकतं. ड्रिल लावण्याआधी मागे काय आहे ते हाताने चाचपा. दाराच्या खांबातून वायरी आणि नळ्या जातात.

मग चौकट स्वच्छ करायची. जुनं सीलंट लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, स्टीलच्या पट्टीने नको, कारण तिचा ओरखडा रंग आणि संरक्षक थर दोन्ही काढतो. उरलेलं सॉल्व्हंटने पुसा, पण नवीन खिडकी तेव्हा दुसऱ्या खोलीत असली पाहिजे. अ‍ॅसिटोन, थिनर, पेट्रोल यांचा अ‍ॅक्रिलिकला स्पर्शही नको. त्याने पत्रा लगेच फुटत नाही, त्यावर अगदी बारीक भेगांचं जाळं उमटतं आणि पुढे तिथूनच तडे निघतात.

खोबण उघडी असतानाच तिच्या तळाशी गंज आहे का बघा. पाणी साचण्याची ही नेहमीची जागा. पांढरी पावडर दिसली तर आत्ताच साफ करून प्रायमर लावा. रिव्हेटची टोकं, वाळलेल्या सीलंटच्या गाठी, चौकटीचा वाकलेला पत्रा, असं जे काही खोबणीत वर आलेलं असेल ते सपाट करा. एक वर आलेला बिंदू अख्ख्या खिडकीचा भार स्वतःवर घेतो.

आखणी

नवीन खिडकी मुद्दाम मोठी येते, कारण एकाच मॉडेलच्या दोन विमानांच्या चौकटीही तंतोतंत सारख्या नसतात. हाताने बांधलेल्या यंत्रांचं तसंच असतं. काही कडांना अर्धा इंच जास्त असेल, काहींना जवळजवळ नसेलच.

जुनी खिडकी नव्या खिडकीवर ठेवा. गोलाईला गोलाई जुळली पाहिजे, कडेला कड नव्हे. आकार दिलेल्या खिडकीत वाक कुठे सुरू होतो ते महत्त्वाचं, कड नंतर कापता येते. जुळल्यावर मास्किंग टेपने दोन्ही एकत्र बांधा आणि बारीक मार्करने भोवती रेघ ओढा. जुनी खिडकी तुटली असेल, आकसली असेल किंवा आधीच कोणी वेडीवाकडी कापली असेल, तर तिच्यावर विसंबू नका. खोबणीच्या तळापर्यंत जाईल असा पुठ्ठा कापा, तो चौकटीत बसवून बघा आणि मग प्रत्येक बाजूने हवी ती मोकळीक कमी करा. पुठ्ठ्यावर ‘बाहेरची बाजू’, ‘वर’, ‘पुढे’ आणि ‘डावी’ किंवा ‘उजवी’ असं लिहा. पुठ्ठा उलटा धरला की डावी खिडकी उजवी होते, आणि ते कापून झाल्यावरच कळतं.

मोकळीक किती? विमानाच्या देखभाल पुस्तिकेत आकडा दिला असेल तर तोच पाळायचा. दिला नसेल तर प्रत्येक कडेला १/८ इंच, म्हणजे ३ मिमी, ही जुनी आणि चांगली सुरुवात आहे. पण मोकळीक म्हणजे खोबणीचा तळ आणि खिडकीची कड यांच्यातलं अंतर. धरपट्टीखाली खिडकी किती आत शिरली आहे, ही वेगळी गोष्ट. उडताना बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि खिडकी बाहेर ओढली जाते. मोकळीक ठेवायच्या नादात पकड कमी झाली, तर हवेत खिडकी निघून जाऊ शकते. म्हणून दोन्ही मापं एकदम बघा: गरम झाल्यावर तळाला टेकू नये आणि गार झाल्यावर पट्टीखालून सुटू नये.

कापणं

पहिला काप रेघेच्या बाहेर ठेवा, साधारण २ ते ३ मिमी. रेघेवर करवतीने कधीच जायचं नाही. रेघेपर्यंत सँडरने आणि कानशीने पोचायचं.

जिगसॉ वापरत असाल तर त्याचा तळ पत्र्यावर दाबून ठेवा. तळ उचलला गेला की पातं पत्र्याला वर-खाली हापसतं आणि क्षणात तडा जातो. रेघेच्या अगदी जवळ, दोन्ही बाजूंना आधार द्या. गळून पडणारा तुकडाही कोणीतरी धरायला हवा, नाहीतर शेवटच्या इंचात तो स्वतःच्या वजनाने लटकतो आणि तडा थेट चांगल्या भागात घेऊन जातो. करवतीचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा असं, शेवटी.

वेगाचं गणित हाताने समजतं. हळू आणि दाबून चालवलं तर कपच्या उडतात. खूप वेगात चालवलं तर प्लास्टिक वितळतं आणि पात्याच्या मागे पुन्हा जोडलं जातं. कोरडा, भुसभुशीत कीस पडत असेल तर वेग बरोबर आहे. चिकट, दोऱ्यासारखा कीस निघाला तर थांबा, पातं थंड होऊ द्या. कट-ऑफ चाकाने कापताना थोडं वितळतंच, त्याला हरकत नाही, कारण ती कड पुढे घासून जाणार आहे. एका दमात आरपार जाण्यापेक्षा दोन-तीन उथळ फेऱ्या करा.

आत वळणारा कोपरा असेल, उदाहरणार्थ दाराच्या कडीसाठी किंवा वायुवीजनाच्या झडपेसाठी, तर आधी कोपऱ्यात गोल भोक पाडा आणि करवतीचा काप त्या भोकात संपवा. काटकोनी आतला कोपरा म्हणजे तड्याला दिलेलं आमंत्रण. पत्रा कापायची कात्री किंवा पक्कड लावून तुकडा मोडायचा विचारही करू नका. रेघ ओरखडून मोडण्याची युक्ती सपाट, सरळ पत्र्याला चालते. आकार दिलेल्या खिडकीला ती लागू होत नाही.

आता रेघेपर्यंत घासा. सँडरचा पट्टा ८० चा असू द्या, हात सतत हलता ठेवा. एका जागी थांबलात की तिथे चटका बसतो आणि चटका म्हणजे आत अडकलेला ताण. पत्रा हाताला गरम लागला तर बाजूला ठेवा.

चौकटीत लावून बघणं

खरा वेळ इथे जातो आणि जाऊ द्यावा. लावा, खूण करा, काढा, थोडं घासा, पुन्हा लावा. एका वेळी एक मिमीपेक्षा जास्त घासू नका. काढलेलं प्लास्टिक परत लावता येत नाही.

खिडकीच्या कडेच्या मध्यावर आणि चौकटीच्या मध्यावर टेपचे तुकडे लावून त्यांवर जुळणाऱ्या खुणा करा, म्हणजे दर वेळी खिडकी त्याच जागी येईल. फेल्ट किंवा रबरही या चाचणीत लावलेलं हवं. त्याशिवाय छान बसलेली खिडकी फेल्ट आल्यावर अडकते.

बसत नसेल तर कुठे अडकते आहे ते शोधा, दाबू नका. चौकटीच्या आत रंगीत खडू घासून खिडकी हलकेच बसवा आणि काढा. जिथे कडेला खडूचा रंग लागला, तिथे टेकते आहे. बहुतेक वेळा तो कोपरा असतो. सरळ बाजूंना भरपूर जागा असते, पण खिडकीच्या कोपऱ्याची गोलाई चौकटीच्या गोलाईपेक्षा किंचित टोकदार राहिलेली असते आणि ती एकटी अडून बसते. कोपरा थोडा जास्त गोल करा. सरळ बाजू घासून काही उपयोग होत नाही, उलट पकड जाते.

बसल्यावर खिडकी दोन्ही तळव्यांनी पुढे सरकवा, मागे सरकवा, वर, खाली. प्रत्येक दिशेला थोडी हलली पाहिजे. पुढच्या कडेला टेकवल्यावर मागच्या कडेला सुमारे ६ मिमी जागा दिसली, तर मधे ठेवल्यावर दोन्हीकडे ३ मिमी येईल. मग गोलाई बघा. खिडकी हात न लावता चौकटीच्या वळणावर टेकते का? एक कोपरा दाबल्यावर समोरचा उठत असेल, तर वाक जुळलेला नाही. थोडा फरक फेल्ट सामावून घेतो. पण वाकवून, स्क्रूने ओढून बसवावी लागत असेल, तर ती खिडकी बसवू नका. एफएएची एसी ४३.१३-१बी ही पुस्तिका या बाबतीत अगदी स्पष्ट आहे: जबरदस्तीने आकार बदलून पत्रा चौकटीत घालायचा नाही, एकतर दुसरा आणायचा किंवा संपूर्ण पत्रा तापवून नीट आकार द्यायचा. घरच्या हॉट एअर गनने एक कोपरा तापवणं म्हणजे आकार देणं नव्हे.

कड

माप जमलं की कडेवर बसा. इथे घाई करणाऱ्याची खिडकी पहिल्याच थंडीत तडकते.

८० ने पडलेल्या रेघा १२० ने, त्या २२० ने आणि त्या ४०० ने काढायच्या. प्रत्येक टप्प्याला आधीच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. घासायची दिशा कडेच्या लांबीला समांतर. जाडीच्या दिशेने, म्हणजे आडवं घासलं, तर प्रत्येक रेघ ही कडेला पाडलेली छोटी खाच ठरते आणि पत्रा वाकला की ताण बरोबर तिथे जमतो. समांतर रेघा त्या मानाने निरुपद्रवी असतात.

जुन्या हॅक्सॉ पात्याची मागची सरळ बाजू कडेवरून काटकोनात ओढली तर तलम पापुद्रा निघतो आणि कड झटकन गुळगुळीत होते. पॉलिश पेपरच्या आधी हे केलं तर अर्धं काम वाचतं. शेवटी दोन्ही बाजूंच्या धारा मोडायच्या, अर्धा ते एक मिमीची तिरकी घास पुरे. मग डोळे मिटून कडेवरून बोट फिरवा. जे डोळ्यांना दिसत नाही ते बोटाला कळतं. कपची उडालेली जागा सापडली तर ती नाहीशी होईपर्यंत तिच्या दोन्ही बाजूंनी लांबवर उतरतं घासा. खड्डा तेवढा पोखरून खाच वाढवू नका.

ज्योत फिरवून कड चमकवण्याची पद्धत पाटीवाले वापरतात. विमानात नको. चमक येते, पण पृष्ठभागात ताण राहतो आणि सीलंट किंवा सॉल्व्हंटचा संपर्क आला की तिथे बारीक भेगा उमटतात.

भोकं असतील तर

शक्य असेल तिथे पत्र्यात भोक न पाडलेलंच बरं. अनेक विमानांत खिडकी नुसती खोबणीत आणि धरपट्टीखाली राहते. पण जिथे स्क्रू पत्र्यातून जातो, तिथे साधा ड्रिल बिट वापरू नका. तो आरपार जाताना पत्र्यात शिरून ओढतो आणि भोकाभोवती चांदणीसारखे तडे उमटतात. प्लास्टिकसाठीचा बिट जास्त टोकदार असतो, ६० अंशांच्या कोनाचा, आणि त्याची धार पदार्थ खरवडते, ओढत नाही. पायऱ्यांचा स्टेप बिटही चांगला चालतो. मागे लाकूड घट्ट लावा, हात हलका ठेवा, शेवटचा मिमी अगदी सावकाश.

भोक स्क्रूपेक्षा मोठं हवं. एसी ४३.१३-१बी मध्ये व्यासाला १/८ इंच जास्त असं सांगितलं आहे, आणि स्क्रू भोकाच्या मध्यावर असला पाहिजे. मध्यावर नसेल तर एका बाजूची मोकळीक शून्यच. भोकाच्या दोन्ही तोंडांच्या धारा मोडा आणि आतली भिंतही बारीक पॉलिश पेपरच्या गुंडाळीने गुळगुळीत करा.

उतरत्या डोक्याचा स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये बसवायचा नाही. त्याचं शंकूसारखं डोकं पाचर ठोकल्यासारखं काम करतं. सपाट बसणारं डोकं आणि खाली वॉशर वापरा. नट आधी व्यवस्थित टेकेपर्यंत आवळून मग एक पूर्ण फेरा मागे घ्यायचा, अशी पद्धत आहे, म्हणून नट स्वतः अडकून राहणारा हवा. त्याहून चांगलं म्हणजे भोकात पत्र्याच्या जाडीपेक्षा किंचित लांब धातूची नळी घालणं, म्हणजे आवळण नळीवर जाते, प्लास्टिकवर नाही. स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांवर लावतात ते द्रव थ्रेडलॉकर इथे पूर्ण वर्ज्य. ते अ‍ॅक्रिलिकवर ओघळलं की भोकाभोवती तडे जातात.

सील आणि जोडणी

सीलचं काम तीन: पाणी अडवणं, थरथर शोषणं आणि दाब सारखा वाटणं. खिडकी जागेवर चिकटवून टाकणं हे त्याचं काम नाही. म्हणून मऊ राहणारं सील निवडा. पुस्तिकेत फेल्ट सांगितला असेल तर फेल्ट, रबरी पट्टी सांगितली असेल तर तीच. सीलंट असेल तर विंडशील्ड आणि कॅनॉपीसाठी बनवलेलं पॉलिसल्फाइड घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन नको. वाळताना ते अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं आणि अ‍ॅल्युमिनियम गंजवतं. शिवाय सिलिकॉन लागलेल्या जागी पुढे रंग धरत नाही. मऊ पीव्हीसीची टेपही टाळा, तिच्यातलं मऊपणा आणणारं रसायन हळूहळू अ‍ॅक्रिलिकमध्ये उतरतं.

मास्किंग टेप आतून-बाहेरून दोन्हीकडे लावा. फेल्ट कडेभोवती चढवताना कोपऱ्यात दुमड पडू देऊ नका, तिथे छोटी कापं घ्या. खिडकी मधोमध ठेवा आणि खालच्या कडेला मोकळ्या जागेत रबराचे दोन छोटे तुकडे ठेवा, नाहीतर स्वतःच्या वजनाने ती तळाला जाऊन बसते आणि सगळी मोकळीक वर जमा होते. धरपट्ट्या आधी सगळ्या सैल लावा, मग आळीपाळीने समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे घ्या. फेल्ट किंचित दबला की थांबा. पिळून सगळं सीलंट बाहेर आलं असेल तर तुम्ही जास्त आवळलं आहे. दोन कडांमध्ये सीलंटचा थर उरला पाहिजे.

रिव्हेट मारायचे असतील तर शेजारच्या पत्र्याला जाड पुठ्ठ्याने झाका. हातोडी घसरायला एकदाच लागतं.

विंडशील्डबद्दल थोडं

मेकॅनिकच्या हातात काम असलं तरी पद्धत माहीत असावी. सेस्ना १७२ सारख्या वर पंख असलेल्या विमानात पुढची धरपट्टी काढून आणि दोन्ही बाजूंचे पंखांच्या मुळाशी असलेले फेअरिंग, म्हणजे सांधा झाकणारं आवरण, उतरवून जुनी काच सरळ पुढे ओढून काढतात. नवी बसवताना वरच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करून हळूहळू आत घालत न्यायचं असतं. दोन माणसं लागतातच: एक बाहेर, एक आत. काच थोडी वाकवावी लागते आणि ठिसूळ कड तिथेच बोलते, म्हणून वाकवण्याआधी कड पूर्ण घासलेली हवी, ‘लावून बघू, मग घासू’ असं नाही. बाहेरचं तापमान दाखवणाऱ्या मापकासाठी भोक असेल तर ते मोठं ठेवून दोन्ही बाजूंना रबरी वॉशर लावतात. जुन्या विंडशील्डचे तडे कितीदा तरी याच भोकातून निघालेले दिसतात.

फिल्म काढल्यावर

सीलंट पूर्ण वाळल्यावरच उरलेली फिल्म काढा, एका कोपऱ्यापासून, सावकाश. चिकट डाग राहिले तर शुद्ध नॅफ्थाने भिजवलेल्या मऊ कापडाने पुसा आणि लगेच साबणाच्या पाण्याने धुवा. घरातला काच पुसायचा स्प्रे वापरू नका, त्यात बहुधा अमोनिया असतो. कोरड्या फडक्यानेही घासू नका. त्याने ओरखडे पडतात आणि स्थिर विद्युत तयार होऊन धूळ आणखी चिकटते. भरपूर पाणी, सौम्य साबण आणि उघडा हात, यात बोटाला खडा लागला तर लगेच कळतो.

आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा आणि बाहेरून पाण्याचा पाइप लावा. खालून सुरू करून वर चढा. वरून सुरू केलं तर पाणी ओघळून खाली कुठेही दिसतं आणि गळती कुठे आहे ते कळत नाही. जोरदार फवारा नको, साधी धार पुरे.

नोंदवहीत खिडकीचा भाग क्रमांक, कुठली बाजू, कुठलं सील किंवा सीलंट वापरलं, कुठल्या पुस्तिकेनुसार काम केलं आणि तारीख लिहा. पुठ्ठ्याचा साचा त्यावर विमानाचा क्रमांक टाकून जपून ठेवा. दुसऱ्या बाजूची खिडकीही त्याच वयाची आहे.

पहिल्या काही उड्डाणांनंतर ऊन तिरपं असताना कडेने आणि भोकांभोवती बघा. बारीक भेगा समोरून दिसत नाहीत, तिरक्या उजेडात चमकतात. एखादा तडा सुरू झालेला दिसला, तर त्याच्या टोकाला सुमारे ३ मिमीचं भोक पाडून तो थांबवता येतो, पण ही तात्पुरती सोय झाली. तडा वैमानिकाच्या नजरेच्या रेषेत असेल तर ती सोयही चालत नाही. तेव्हा धरपट्टी उघडा आणि नवीन खिडकी कापण्याआधी जुनी नेमकी कुठे टेकत होती ते शोधा. तिथे घासल्याची खूण बहुतेक वेळा राहिलेली असते.